मोबाइलवर क्लास नव्हता, पोस्ट होतं! माणसाचं शरीर शिकण्यासाठी आनंदीबाई जोशींनी काय काय मोजलं?

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात आज बारावी झालेल्या मुलीला माणसाच्या शरीराबद्दल शिकायचं असेल, तर सुरुवात करायला फार काही लागत नाही. एक मोबाइल, रोजचा डेटा आणि घरात मिळाला तर एक शांत कोपरा. केंद्र सरकारच्या स्वयंसारख्या प्लॅटफॉर्मवर जीवशास्त्राचे कॉलेज पातळीचे कोर्स आहेत. हृदय कसं चालतं, गर्भाशय कुठे असतं, पाळी का येते, हे सगळं व्हिडिओ थांबवून, मागे घेऊन पुन्हा बघता येतं. रेंज गेली तर गच्चीवर जायचं, एवढाच काय तो त्रास.

पण याच जिल्ह्याची दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयोगटातल्या ४३.७ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. राज्याचा आकडा त्याच्या निम्मा, म्हणजे २१.९ टक्के आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आपल्या शरीरात काय आहे, ते का आहे आणि ते काढलं तर पुढे काय होतं, हे यातल्या किती जणींना आधी कुणी नीट समजावून सांगितलं असेल?

हाच प्रश्न जवळपास दीडशे वर्षांपूर्वी एका चौदा वर्षांच्या मुलीसमोर उभा राहिला होता. फरक एवढाच की तेव्हा उत्तर शोधायला मोबाइल नव्हता. पोस्टाची पत्रं होती आणि दोन महिन्यांचा बोटीचा प्रवास होता. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिलांपैकी एक.

नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी नेमकं काय शिकलं, कसं शिकलं आणि त्याची किंमत काय दिली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. तेच आज बघू.

यमुनेची आनंदी कशी झाली?

३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेर कल्याणच्या जोश्यांचं. वडील गणपतराव, आई गंगाबाई. मुलीचं नाव यमुना. घराणं कधीकाळी सुखवस्तू होतं, पण यमुनेच्या लहानपणापर्यंत परिस्थिती ओढगस्तीची झाली होती.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी. मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, पहिली बायको वारलेली आणि वयानं तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नाला उभं राहताना त्यांनी एकच अट घातली होती, ती म्हणजे बायकोला शिकवू द्यायचं. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

इथून पुढे गोष्ट सोपी करून सांगायचा मोह होतो. पुरोगामी नवरा, हुशार बायको, दोघांनी मिळून इतिहास घडवला वगैरे. वस्तुस्थिती जास्त गुंतागुंतीची आहे. गोपाळरावांना बायकोनं शिकावं असं मनापासून वाटत होतं, पण शिकवण्याची त्यांची पद्धत भयंकर होती. अभ्यास सोडून ती स्वयंपाकात रमली तरी मार पडायचा. हाताला लागेल ते फेकून मारलं जायचं. पुढे अमेरिकेत गेल्यावर खुद्द आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात या माराची आठवण स्पष्ट शब्दांत काढली आहे. त्याच पत्रव्यवहारात त्यांच्याबद्दलची कृतज्ञताही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

तेव्हा बाळंतपणं घरात, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून व्हायची. डॉक्टर म्हणजे पुरुष. पुरुष डॉक्टरसमोर बाईनं शरीर दाखवणं तर सोडाच, काय होतंय हे सांगणंही लाजिरवाणं समजलं जायचं. त्यामुळे दुखणं अंगावर काढायचं किंवा ऐकीव औषधांवर भागवायचं. बाई आजारी पडली तर तिला तपासणारी बाईच पाहिजे, आणि ती शिकलेली पाहिजे, हे त्यांच्या मनात पक्कं झालं ते या अनुभवानंतर.

आता प्रश्न होता की शिकायचं कुठे?

मद्रास मेडिकल कॉलेजनं १८७५ मध्ये मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती, पण तिथे शिकवणारे सगळे पुरुष. एकट्या ब्राह्मण मुलीला तिथे राहायला आसरा कोण देणार, हीसुद्धा अडचण होतीच. मुंबईत मिशनच्या शाळेत जाताना रस्त्यावर लोक टवाळी करायचे, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. देशात राहून डॉक्टर होणं जवळपास अशक्य दिसत होतं.

दाताच्या दवाखान्यातलं एक मासिक

इथे गोष्टीत पोस्ट खातं येतं. गोपाळराव पोस्टातले, त्यामुळे पत्र लिहिणं हा त्यांचा स्वभावच होता. बायकोच्या शिक्षणासाठी त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यात कोल्हापुरात बरीच वर्षं काम करून परत गेलेले रॉयल वाइल्डर होते. मदत हवी असेल तर ख्रिस्ती व्हा, असा तिकडून सूर आला. गोपाळरावांनी ते मान्य केलं नाही. वाइल्डर यांनी मात्र तो पत्रव्यवहार आपल्या मिशनरी मासिकात छापून टाकला.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे आपल्या नंबरची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी सहज उचललं, तर त्यात हा पत्रव्यवहार. हिंदुस्थानातल्या एका मुलीला डॉक्टर व्हायचंय आणि धर्म बदलायची अट घालून तिला नकार दिला जातोय, हे वाचून त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं.

मग तीन वर्षं पत्रं सुरू राहिली. एका पत्राचं उत्तर यायला महिने लागायचे. त्यात सण, लग्नाच्या चालीरीती, बायकांचं आरोग्य, धर्म, घरातल्या अडचणी असं सगळं यायचं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंना सतत डोकेदुखी, ताप, धाप लागणं असा त्रास होता. तो वाचून मावशींनी अमेरिकेतून औषधं पाठवली, पण गुण आला नाही.

आज ज्याला आपण ऑनलाइन शिक्षण म्हणतो, त्याच्या जवळ जाणारं त्या काळात काही असेल तर ते हेच. परक्या देशातल्या माणसाशी, परक्या भाषेत, लांबून शिकणं. आनंदीबाईंचं इंग्रजी या पत्रांमधून तयार झालं. जग किती मोठं आहे हे याच पत्रांमधून कळलं.

पण एका मुद्द्यावर पत्रं अडायची. माणसाचं शरीर पोस्टानं पाठवता येत नाही. नाडी कशी लागते, छातीला कान लावल्यावर आवाज कसा येतो, त्वचेखाली स्नायूंचे थर कसे असतात, हे हातानं शिकावं लागतं. आजही शरीरशास्त्राची थिअरी ऑनलाइन शिकता येते, पण एमबीबीएस मोबाइलवर होत नाही, त्याचं कारणही हेच आहे. त्यासाठी जावं लागतं.

श्रीरामपूरची सभा

गोपाळरावांची बदली कलकत्त्याकडे झाली होती. दोघांनी मिळून अमेरिकेला जायचं, हा बेत रजा आणि पैसा या दोन्हींमुळे फसला. शेवटी ठरलं की आनंदीनं एकटीनंच जायचं. ओळखीच्या एका डॉक्टर दांपत्यानं फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचं नाव सुचवलं.

बातमी फुटली आणि गदारोळ झाला. विवाहित हिंदू बाई, तीही एकटी, समुद्र ओलांडणार? परत येईल ती बाटूनच, असं लोक बोलू लागले. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? इथे का नाही शिकत? एकटी का? जातीबाहेर टाकलं तर? देशाला हिंदू महिला डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी मांडलं. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असं जाहीर सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पूर्ण व्हायचं होतं.

या भाषणाची चर्चा देशभर झाली आणि मदतही आली. बाकी पैसा दागिने विकून उभा राहिला.

७ एप्रिल १८८३ ला सिटी ऑफ कलकत्ता या बोटीनं त्या निघाल्या. ४ जून १८८३ ला न्यूयॉर्कला पोहोचल्या. बंदरावर कार्पेंटर मावशी न्यायला आल्या होत्या. तीन वर्षं फक्त अक्षरांतून ओळखणाऱ्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींना बघत होत्या.

कॉलेजमध्ये काय शिकवायचे?

फिलाडेल्फियाचं हे कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं. फक्त महिलांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या कॉलेजांपैकी ते एक. डीन होत्या रेचल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. आनंदीबाईंचं पत्र आणि त्यामागची तळमळ बघून कॉलेजनं त्यांना प्रवेश दिला, शिवाय तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र. सकाळपासून व्याख्यानं, मग शवविच्छेदन, मग कॉलेजशी जोडलेल्या महिलांच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट बघणं.

थोडं थांबून विचार करा. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातली मुलगी. प्रेताला शिवलं तर आंघोळ करायची, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. ती परक्या देशात रोज प्रेतासमोर उभी राहून स्नायू, शिरा आणि हाडं ओळखायला शिकत होती.

त्याच वेळी घराबाहेर फिलाडेल्फियाची थंडी होती. आनंदीबाई साडीच नेसायच्या. नऊवारीत पायाला थंडी लागते म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, पण परदेशी कपडे घातले नाहीत. जेवण शाकाहारी. ते नीट मिळायचं नाही, स्वतः रांधायचं तर वेळ कुठला? तब्येत आधीच तोळामासा, ती आणखी खालावत गेली.

त्यात गोपाळरावांची पत्रं. ज्या माणसानं एकटीला समुद्रापार पाठवलं, तोच आता तिच्यावर संशय घेणारं, टोचणारं लिहू लागला. साडी नेसण्याची पद्धत बदलली तरी त्यावर खुलासा द्यायचा. आनंदीबाई परीक्षेचा अभ्यास करायच्या आणि या पत्रांना उत्तरंही लिहायच्या.

या काळातला एक फोटो आजही इंटरनेटवर सतत फिरतो. ऑक्टोबर १८८५ चा. तिघी जणी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लाम्बुली. तिघी याच कॉलेजच्या विद्यार्थिनी.

पदवी, तीही एकविसाव्या वाढदिवसाआधी

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना एमडी ही पदवी मिळाली. एकविसाव्या वाढदिवसाला अजून वीस दिवस बाकी होते. समारंभाला पंडिता रमाबाई खास आल्या होत्या, गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते. इंग्लंडहून व्हिक्टोरिया राणीनं अभिनंदनाचा निरोप पाठवला.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. जुन्या भारतीय ग्रंथांमध्ये गर्भारपण आणि बाळंतपणाबद्दल काय सांगितलंय आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं काय सांगतात, हे दोन्ही त्यात त्यांनी एकत्र आणलं. जगातला कुठलाही विषय निवडता आला असता. त्यांनी बाळंतपण निवडलं. दहा दिवसांच्या बाळापासून सुरू झालेला प्रश्न त्यांनी सोडला नव्हता.

पदवीनंतर कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या महिला विभागाची जबाबदारी देऊ केली. हेच आजचं सीपीआर हॉस्पिटल. नोकरी ठरली, गाव ठरलं, काम ठरलं.

परतल्यानंतरचे १०२ दिवस

ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या तेव्हा क्षयानं त्यांना पोखरलं होतं. १६ नोव्हेंबरला बोट मुंबईला लागली. ज्या लोकांनी नावं ठेवली होती, त्यातलेच कितीतरी आता स्वागताला आले.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला जाण्याच्या एकच वर्ष आधी शोधला होता. पण शत्रू सापडला म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. क्षयावर खरोखर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. आपल्याला काय झालंय हे आनंदीबाई डॉक्टर म्हणून ओळखू शकत होत्या. त्यावर उपाय त्या वेळी जगात कुणाकडेच नव्हता.

कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. भारतात परतून १०२ दिवस झाले होते. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या गेल्या. ज्या नात्याची सुरुवात पोस्टानं झाली, त्याचा शेवटही असाच समुद्रापलीकडे पाठवलेल्या एका पाकिटानं झाला.

मग हाती काय लागलं?

कोरडा हिशोब मांडला तर आनंदीबाईंनी डॉक्टर म्हणून आपल्या देशात कामच केलं नाही. म्हणून काही जण विचारतात की यांना एवढं मोठं का मानायचं?

आजूबाजूला काय घडलं ते बघितलं की उत्तर मिळतं. त्याच १८८६ मध्ये कादंबिनी गांगुली कलकत्त्यातच शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षं प्रॅक्टिस केली. बालपणी झालेलं लग्न कोर्टात नाकारणाऱ्या रखमाबाईंनी लंडनला जाऊन वैद्यक शिकलं आणि १८९० च्या दशकात परत येऊन सुरतेत काम सुरू केलं. बाईला शरीरशास्त्र झेपेल का, परदेशी गेली तर ती परत येईल का, आली तर आपली राहील का, या प्रश्नांची उत्तरं तोवर देऊन झाली होती. ती आनंदीबाईंनी दिली होती. पुढे काशीबाई कानिटकरांनी त्यांचं मराठी चरित्र लिहिलं, श्री. ज. जोशींनी आनंदी गोपाळ ही कादंबरी लिहिली, २०१९ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे.

आणि बीडच्या मुलीचं काय?

बीडच्या मुलीला आज फिलाडेल्फिया गाठायची गरज नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. धारूर, केज किंवा परळीच्या मुलीसाठी ते एसटीच्या अंतरावर आहे. जीवशास्त्राचा कोर्स तर हातातल्या मोबाइलवर आहे.

अंतर मिटलं, पण आनंदीबाईंसमोरच्या बाकीच्या अडचणी जागच्या जागीच आहेत. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन कारखान्याला निघाले की मुलगी सोबत जाते किंवा मागे धाकट्यांना सांभाळते. घरात मोबाइल एकच असतो आणि तो आधी भावाच्या हातात जातो. दहावी-बारावीच्या आसपास स्थळं यायला लागतात. कोर्स फुकट असला तरी त्यासाठी लागणारा रोजचा एक तास फुकट मिळत नाही.

प्रत्येक मुलीनं डॉक्टर व्हावं असंही काही नाही. पण पाळी, गर्भाशय, रक्त कमी असणं, बाळंतपण हे एकदा नीट समजलेली मुलगी उद्या दवाखान्यात कुणी पिशवी काढून टाकू म्हणालं, तर निदान का म्हणून विचारेल. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणेल. घरातल्या थोरल्या बाईलाही ती समजावून सांगेल.

आनंदीबाईंना एवढं समजून घ्यायला तीन वर्षं पत्रं, दोन महिने बोट आणि तीन वर्षं कॉलेज लागलं. त्यात तब्येत गेली ती कायमचीच. बीडमधल्या मुलीसाठी त्याची सुरुवात आता एका तासाच्या व्हिडिओपासून होऊ शकते. तो तास तिला कोण देणार, हे मात्र आजही तिच्या घरातच ठरतं.